कांचेच्या बशींतील मेंदू

गेल्या सत्रांत नववीच्या वर्गास आम्ही पेशींचा धडा शिकवीत होतों. कांद्याचा पातळ पापुद्रा कांचपट्टीवर पसरून मुलें आळीपाळीनें सूक्ष्मदर्शकांतून पाहत होतीं, तोंच मागल्या बांकावरून एका विद्यार्थ्यानें विचारिलें, "सर, शास्त्रज्ञांनीं बशींत माणसाचा मेंदू वाढविला आहे म्हणतात. तो विचार करतो का?" वर्गांत हंशा पिकला. आम्हांस तो प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाहीं. परंतु इतक्यांत घंटा झाली, आणि उत्तर राहून गेलें.

त्याच आठवड्यांत एक पालक आम्हांस भेटावयास आले. त्यांचें नांव-गांव येथें सांगणें उचित होणार नाहीं. त्यांचा थोरला मुलगा आमच्या शाळेंत आहे. धाकटा स्वमग्न असून सहा वर्षांचा झाला तरी बोलत नाहीं. एका मोठ्या शहरांतील रुग्णालयानें त्यांस असें सांगितलें होतें कीं, मूलपेशी, म्हणजे जाहिरातींत ज्यांस 'स्टेम सेल' म्हणतात त्या, मुलाच्या शरीरांत सोडल्या म्हणजे त्याचा मेंदू सुधारेल. घरांतले दागिने मोडून त्यांनीं पहिला हप्ता भरला होता. बशींतील मेंदूची बातमी त्यांनींही मोबाइलवर वाचली होती. "सर, बशींत मेंदू वाढतो, तर माझ्या पोराच्या डोक्यांत कां वाढणार नाहीं? तुम्ही विज्ञान शिकवितां, तुम्हीच सांगा. दुसरा हप्ता भरूं कीं नको?" असें त्यांनीं विचारिलें.

एक प्रश्न कुतूहलाचा, दुसरा काळजीचा. परंतु दोहोंचें मूळ एकच. बशींतील त्या वस्तूस वर्तमानपत्रांनीं 'मेंदू' हें नांव दिलें, तेथून सारा घोटाळा सुरू झाला. आमचें मत आम्ही आरंभींच सांगून टाकतों. ती वस्तु फार मोलाची आहे, परंतु ती मेंदूही नव्हे आणि औषधही नव्हे. तिच्या अभ्यासासाठीं ज्यास आपलें कांहीं देतां येईल त्यानें तें अवश्य द्यावें. तिच्या नांवावर कोणी कांहीं विकूं लागला तर मात्र त्यास एक पैसाही देऊं नये.

अशी वस्तु मुळांत करावी तरी कां लागली? यकृताचा विकार असेल तर डॉक्टर सुईनें यकृताचा कण काढून तपासतात. रक्ताचा असेल तर रक्त काढतात. मेंदूचें तसें नाहीं. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा निव्वळ अभ्यासासाठीं कोण काढूं देईल? मृत्यूनंतर मेंदू पाहतां येतो, आणि त्यापासून पुष्कळ ज्ञान मिळालेंही आहे; बंगळूरच्या निमहान्स या संस्थेंत आप्तांच्या संमतीनें दान केलेल्या मेंदूंचें एक भांडारच आहे. तथापि मृत्यूनंतरचा मेंदू म्हणजे जळून गेलेलें घर. राखेवरून घर जळलें एवढें कळतें. पहिली ठिणगी कोणत्या खोलींत पडली हें कळणें दुरापास्त. शिवाय स्वमग्नतेसारख्या कित्येक स्थितींत ती ठिणगी जन्मापूर्वींच पडून गेलेली असते. उरला उंदीर. त्या बिचाऱ्याचे उपकार वैद्यकावर फार आहेत. परंतु त्याच्या मेंदूस आपल्या मेंदूसारख्या वळ्या नाहींत, आणि त्यास आपण होऊन अल्झायमरचा रोग होत नाहीं. माणसाचें सदोष जनुक त्याच्या शरीरांत घालून तो रोग त्याजवर ओढून आणावा लागतो. उंदरांत गुणकारी ठरलेलीं औषधें माणसांत निष्फळ ठरलीं, असें मेंदूच्या आजारांत वारंवार घडलें आहे.

म्हणून मज्जापेशी शरीराबाहेर कांचेंत जगवून पाहण्याचा मार्ग शोधला गेला. बातम्या वाचून वाटतें तितका तो नवा नाहीं. १९०७ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें रॉस हॅरिसन या शास्त्रज्ञानें बेडकाच्या भ्रूणांतील भावी मज्जारज्जूचा इवलासा तुकडा घेऊन तो बेडकाच्याच लसिकेच्या थेंबांत ठेवला. थेंब पातळ कांचेवर होता. ती कांच त्यानें उलटी केली, आणि थेंब खालीं लोंबत राहिला. मग सूक्ष्मदर्शकांतून पाहतां पाहतां त्यास असें दिसलें कीं, पेशींतून एक बारीक तंतु फुटला असून त्याचें टोंक चांचपडत पुढें सरकत आहे. मज्जातंतु एकाच पेशींतून फुटून वाढतो कीं वाटेवरच्या अनेक पेशी जोडून बनतो, यावर त्या काळीं विद्वानांत मोठा वाद होता. त्या लोंबत्या थेंबानें तो मिटविण्यास फार साह्य केलें. आमच्या शाळेच्या कपाटांत असलेल्या साहित्याहून त्या प्रयोगास फारसें अधिक लागलें नव्हतें, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें. (थेंब जंतूंपासून राखण्याची दक्षता मात्र आमच्याजवळ अद्याप नाहीं. मागें आम्हीं आगरच्या बशा मांडल्या होत्या, त्यांत काय काय उगवलें तें दहावीच्या मुलांस आठवत असेल.)

बेडकाच्या पेशी मिळणें सोपें. माणसाच्या मज्जापेशी आणाव्या कोठून? १९९८ सालीं मानवी भ्रूणापासून मूलपेशी वेगळ्या करून वाढविण्यांत यश आलें. परंतु त्यासाठीं भ्रूण नष्ट करावा लागे, आणि ही गोष्ट पुष्कळांच्या मनास पटेना. आमच्याही मनास ती पटली नव्हती, हें आम्ही लपवीत नाहीं.

यांतून वाट निघाली ती एका 'ढ' मुलापासून. इंग्लंडांतील ईटनच्या शाळेंत १९४९ सालीं जॉन गर्डन नांवाचा विद्यार्थी जीवशास्त्रांत २५० मुलांत शेवटचा आला. शास्त्रज्ञ होण्याची याची इच्छा म्हणजे शुद्ध वेडेपणा होय, अशा अर्थाचा शेरा त्याच्या शिक्षकानें प्रगतिपुस्तकावर मारला. पुढें याच गर्डननें बेडकाच्या पिलाच्या आंतड्यांतील पेशीचें केंद्र काढून तें केंद्ररहित केलेल्या अंड्यांत ठेवलें, आणि त्यापासून बेडूक वाढविले. त्याचा तो प्रसिद्ध लेख १९६२ सालचा. आंतड्याची पेशी झाली तरी सबंध देह घडविण्याचें ज्ञान तिच्या पोटांत शाबूत असतें, असें त्यावरून ठरलें. तो शेरा गर्डननें चौकटींत बसवून आपल्या मेजापाशीं लावला होता. आम्हीही शेरे लिहिणाऱ्यांपैकींच आहोंत. ही गोष्ट वाचल्यापासून तो रकाना भरतांना आमचा हात जरा थबकतो.

त्याच सूत्राचा पुढचा धागा जपानांत क्योटो येथें शिन्या यामानाका यांनीं ओढला. २००६ सालीं उंदराच्या व २००७ सालीं माणसाच्या त्वचेच्या पेशींत केवळ चार जनुकें घालून त्यांनीं त्या पेशींस मूलपेशींच्या स्थितीस नेलें. त्वचेची पेशी आपलें त्वचापण विसरली. आतां तिजपासून हृदयाची, यकृताची किंवा मेंदूची पेशी करतां येऊं लागली. २०१२ सालीं गर्डन व यामानाका या दोघांस मिळून नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. या रीतींत भ्रूण लागत नाहीं. दुसरा लाभ आमच्या विषयाच्या दृष्टीनें याहूनही मोठा आहे: पेशी प्रत्यक्ष रोग्याचीच असते. त्याच्या हातावरील त्वचेचा कण किंवा थोडेंसें रक्त घेतलें, तर त्यापासून होणाऱ्या मज्जापेशींत त्याच्याच जनुकांतील दोष उतरलेला असतो. त्याच्या मेंदूस बोट न लावतां त्याच्या रोगाचा आरंभ डोळ्यांसमोर पुन्हां घडवून आणतां येतो.

हें काम कसें चालतें तें थोडें सांगूं. मूलपेशींचा लहानसा पुंजका पोषक द्रवांत, शरीराच्या ३७ अंश उष्णतेंत ठेवतात. पुढें तो मऊ, चिकट द्रव्याच्या थेंबांत बसवून हलके हलके फिरत्या द्रवांत तरंगत ठेवतात. द्रव दर थोड्या दिवसांनीं बदलावा लागतो. पेशींस दिवाळीची सुटी ठाऊक नाहीं. सुमारें दोन महिन्यांत चार मिलिमीटरपर्यंतचा, वाटाण्याहूनही लहान असा पांढुरका गोळा तयार होतो. त्यांत मेंदूच्या कांहीं भागांसारखे थर आपोआप मांडले जातात. यासच शास्त्रज्ञ 'ऑर्गनॉइड' म्हणतात. पेशींची ही वाढ घाईनें उरकतां येत नाहीं. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत सेर्जियू पाश्का यांच्या प्रयोगशाळेनें असे गोळे दीर्घकाळ सांभाळले. तेव्हां २५० ते ३०० दिवसांच्या सुमारास त्यांत जन्माच्या वेळीं बाळाच्या मेंदूंत होणारे कांहीं बदल दिसूं लागले, असें २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. आईच्या उदरांत जितके महिने, जवळजवळ तितकेच महिने बशींतही! आम्हांस या सर्व शास्त्रांत याहून अधिक विस्मयाची गोष्ट आढळली नाहीं.

अशा गोळ्यांचा पहिला मोठा उपयोग व्हिएन्ना येथें झाला. २०१३ सालीं मॅडेलिन लँकेस्टर व युर्गन क्नोब्लिख यांनीं, ज्याचा मेंदू जन्मतःच फार लहान राहिला होता अशा एका रोग्याच्या पेशींपासून गोळे वाढविले. उंदरांत त्याच जनुकाचा बिघाड करूनही मेंदू तितका लहान होत नसे, त्यामुळें कारण कळत नव्हतें. गोळ्यांत तें दिसलें. मेंदूच्या मूळ पेशींनीं आधीं दुणावत जाऊन आपली संख्या वाढवावयाची आणि मग मज्जापेशी व्हावयाचें, असा निसर्गक्रम आहे. या रोग्याच्या पेशी वेळेपूर्वींच मज्जापेशी होऊन बसत. पेरणीच्या आधींच बियाणें दळून खाल्लें, तर शेत पिकणार कसें?

दोनच वर्षांनीं ब्राझील देशांत लहान डोक्याचीं बाळें अकस्मात् अधिक संख्येनें जन्मूं लागलीं. झिका नांवाच्या विषाणूवर संशय होता; पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, आणि गर्भवतीवर प्रयोग करणें तर अचिंत्य. २०१६ सालीं रिओ दि जानेरो येथील शास्त्रज्ञांनीं तो विषाणु असल्या गोळ्यांत सोडला. गोळ्यांची वाढ खुंटली, पेशी मेल्या. डेंग्यूचा विषाणु सोडला असतां तसा घात झाला नाहीं. अन्य पुराव्यांस या प्रयोगांची जोड मिळून झिकाचा दोष त्याच वर्षीं मान्य झाला, आणि गर्भवतींस काय सांगावें हें डॉक्टरांस कळलें. ही ब्राझीलची गोष्ट आपणांस दूरची वाटूं नये. डेंग्यू पसरविणारा डांसच झिका पसरवितो. २०२१ सालीं पुरंदर तालुक्यांतील बेलसर येथें महाराष्ट्रांतील पहिला रुग्ण सांपडला, आणि २०२४ सालीं पुणें शहरांत गर्भवती स्त्रियांसही लागण झाली. तेथील डॉक्टरांनीं त्या स्त्रियांच्या गर्भाची तपासणी कां करविली, याचें एक कारण रिओच्या त्या बशांत आहे. त्या बशांनीं औषध दिलें नाहीं, हेंही खरें. त्यांनीं पुरावा दिला.

आतां मागल्या बांकावरील प्रश्न. आपल्या मेंदूंत सुमारें ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. गोळ्यांत असल्या तर कांहीं लक्ष. सामान्यतः त्यांत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून गोळा मोठा झाला कीं मधल्या पेशी उपासमारीनें मरतात. त्यास डोळे नाहींत, कान नाहींत, हात नाहींत, आई नाहीं. ज्यास कांहीं ऐकूंच आलें नाहीं, तो विचार कशाचा करील? या क्षेत्रांतील पुष्कळ शास्त्रज्ञांनींच २०२२ सालीं एकत्र येऊन यास 'छोटा मेंदू' म्हणूं नये असें सुचविलें, तें आम्हांस सर्वथा पटतें. त्याच वर्षीं ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथें विजेच्या चकतीवर पसरलेल्या सुमारें आठ लाख पेशींनीं चेंडू टोलविण्याचा एक साधा संगणकी खेळ खेळून दाखविला, आणि करणाऱ्यांनीं त्यास मोठमोठे शब्द लावले. इतर शास्त्रज्ञांनीं त्या शब्दांवर आक्षेप घेतला. खेळ खरा, परंतु थंडींत मिटणारी फुलें थंडीचा विचार करतात असें आपण म्हणत नाहीं. तेव्हां त्या विद्यार्थ्यास आमचें उत्तर 'नाहीं' असें आहे. तथापि या गोळ्यांत विजेचे संदेश उमटतात, आणि शास्त्रज्ञ त्यांस दिवसेंदिवस अधिक मोठे व गुंतागुंतीचे करीत आहेत. हें उत्तर सदासर्वकाळ टिकेल असें आम्ही छातीवर हात ठेवून सांगणार नाहीं. कोठें थांबावें याचे नियम गोळा लहान आहे तोंच ठरावेत.

दुसऱ्या प्रश्नास इतका विचार लागत नाहीं. मूलपेशी कधींच औषध होणार नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. कंपवाताच्या रोगांत मेंदूंतील एका ठराविक जातीच्या पेशी मरतात. त्या जातीच्या पेशी प्रयोगशाळेंत तयार करून क्योटो येथें सात रोग्यांच्या मेंदूंत बसविल्या, आणि दोन वर्षांच्या देखरेखींत गंभीर अपाय दिसला नाहीं, असें २०२५ सालीं प्रसिद्ध झालें. तेथें काय हरवलें हें ठाऊक होतें, आणि तेंच परत ठेवलें. स्वमग्न मुलाच्या मेंदूंतून अशी कोणती एक जात हरवलेली नसते. मेंदूची जुळणीच निराळी असते. भिंतींतली वीट पडली तर नवी बसवितां येते. घराचा नकाशाच वेगळा असेल तर अंगणांत विटांची गाडी ओतून काय होणार? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक नियमांत रक्ताच्या कांहीं विकारांसाठीं होणाऱ्या रोपणाखेरीज मूलपेशींचा अन्य वापर केवळ मान्य चाचणींतच करावा असें आहे. आणि स्वमग्नतेवर असे उपचार सुचविणें किंवा त्यांची जाहिरात करणें हें डॉक्टरांचें गैरवर्तन होय, असें राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानें डिसेंबर २०२२ मध्यें स्पष्ट केलें. साध्या माणसानें एवढीच खूण ध्यानांत ठेवावी: खऱ्या चाचणींत रोग्याकडून त्या उपचाराचे पैसे घेत नाहींत. ज्या दारांत हप्ता मागतात, तें दार संशोधनाचें नव्हे.

आणि देण्याविषयीं? देण्यांतही पूर्वीं अन्याय झालेला आहे. हॅरिसनच्या त्याच बाल्टिमोर शहरांत १९५१ सालीं हेन्रिएटा लॅक्स नांवाच्या एका गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या कर्करोगाच्या पेशी तिला न विचारतां घेण्यांत आल्या. त्या जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढत आहेत. तिच्या मुलांस मात्र वीस वर्षें त्याचा पत्ता नव्हता. आज विचारल्यावांचून, समजावून सांगितल्यावांचून कण घेऊं नये असा नियम आहे, आणि ज्यास समजलें नाहीं त्यानें सही करूं नये हेंच योग्य. आपल्या देशांत बंगळूरास निमहान्स, राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र व इनस्टेम या संस्थांनीं २०१६ पासून, ज्या कुटुंबांत एकाहून अधिक जणांस गंभीर मानसिक आजार आहे अशांच्या रक्तापासून मूलपेशी व मज्जापेशी तयार करण्याचें काम हातीं घेतलें. रक्त देणाऱ्या त्या कुटुंबांस त्यापासून आज कांहीं मिळत नाहीं. कदाचित् त्यांच्या नातवंडांसही मिळणार नाहीं. आपल्याकडे मानसिक आजार म्हटला कीं घराचीं दारें लावून घेतात, सोयरीक मोडेल म्हणून शेजाऱ्यांसही कळूं देत नाहींत. तेथें सबंध कुटुंबानें येऊन 'हा आजार आमच्यांत आहे, पाहा' असें म्हणत हात पुढें करणें, यास आम्ही थोर धैर्य समजतों. मोठमोठ्या देणग्यांच्या फलकांवर या लोकांचीं नांवें नसतात, आणि तीं गुप्तच ठेवावीं लागतात.

हें सारें आम्हीं त्या पालकांस दोन संध्याकाळीं बसून सांगितलें. पहिला हप्ता परत मिळाला नाहीं. दुसरा त्यांनीं भरला नाहीं. धाकट्या मुलास ते आतां आठवड्यांतून तीनदा वाचोपचारासाठीं घेऊन जातात, आणि अलीकडे तो पाणी हवें असलें म्हणजे पेल्याचें चित्र दाखवितो. परवां ते पुन्हां आले, आणि बरेंच अडखळून त्यांनीं विचारिलें, "सर, या पोराचें थोडें रक्त त्या लोकांच्या उपयोगाचें असेल का? त्याला कांहीं होणार नसेल तर आम्ही देऊं." त्याच्या आईची संमति आहे का, असें आम्हीं विचारिलें. प्रश्न तिनेंच विचारावयास लावला होता. स्वमग्नतेवर काम करणाऱ्या एका संशोधनसंस्थेस आम्हीं त्याच रात्रीं पत्र लिहिलें आहे. उत्तर अद्याप यावयाचें आहे.